आठ काचा

आमच्या प्रयोगशाळेतल्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली आहे. ती आत्यांनी लावली, आणि ती काढायची हिंमत आजवर एकाच माणसाने केली. रुग्णालयाचे नवे अधीक्षक पाहणीला आले होते. खोलीत उकडत होतं, साहेबांना घाम फुटला होता, त्यांनी पट्टी खसकन ओढून बटण दाबलं. आत्यांनी काळ्या कागदावर मांडून ठेवलेल्या मेणाच्या फिती, म्हणजे सकाळपासूनचं काम, भुर्रकन उडाल्या आणि ज्याच्या त्याच्या अंगाला चिकटल्या. आत्या उठल्या, पंखा बंद केला, साहेबांच्या कोपरावरची एक फीत ब्रशाने अलगद उचलली आणि म्हणाल्या, "साहेब, हा एका बाईच्या गाठीचा तुकडा आहे. ती रिपोर्टसाठी बाहेर बसलीय. तुम्हीपण बाहेर बसा." साहेब निमूटपणे बाहेर गेले. नवी पट्टी आत्यांनी त्यांच्या डोळ्यांदेखत लावली.

मी तिथला पॅथॉलॉजिस्ट. रोग्याचं तोंड न बघता त्याचा रोग ओळखायचा, हे माझं काम. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती मी पोटापाण्यासाठी करतो. फक्त ते शीत आधी कुणीतरी इतकं पातळ कापून द्यावं लागतं की उजेड त्यातून आरपार जाईल. आत्या अठ्ठावीस वर्षं ते कापताहेत. भावाची मुलगी लहानपणी शाळा सुटली की आमच्या दाराशी येऊन "आत्या, चल ना" म्हणून भुणभुण करायची, तेव्हापासून त्या सगळ्यांच्याच आत्या झाल्या. माझ्याहून त्या चार वर्षांनी लहान आहेत, पण मीही आत्याच म्हणतो.

शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवतात. त्याची चौकोनी वडी होते, तिला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक कापायच्या यंत्रात पकडायचा, हाताने चाक फिरवायचं, ब्लॉक सुरीवरून खाली सरकतो आणि एक पापुद्रा सुटतो. मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातला एक भाग, एवढी त्याची जाडी. पापुद्र्याला पापुद्रा चिकटून फीत तयार होते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जातात, मग खालून काचेची पट्टी घालून उचलायची आणि पेशी दिसाव्यात म्हणून रंगवायची. पुस्तकात तिला स्लाइड म्हणतात. आत्या काच म्हणतात, त्यामुळे आम्हीही काच म्हणतो.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्या कुणाला ठाऊक नसते, आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनाही ठाऊक असून नसल्यासारखीच असते. ब्लॉक यंत्रातून एकदा काढला की पुन्हा त्याच कोनात बसत नाही. केसभर तरी तिरपा बसतोच. मग सुरीशी सपाट व्हायला वरचे वीस-तीस पापुद्रे नुसतेच कापून कचऱ्यात टाकावे लागतात. तुकडा बोराएवढा असेल तर काही बिघडत नाही. पण सुईने काढलेला, दोऱ्याएवढा तुकडा असेल तर प्रत्येक वेळी ब्लॉक चढवताना माणसाचा तेवढा भाग फुकट जातो. म्हणून आत्यांचं एक पालुपद असतं: "सर, काय काय लागणार ते एकदाच सांगा. ब्लॉक एकदाच चढेल." यावरून त्यांचं नाव पडलं होतं कंजूष. आम्ही तोंडावरही म्हणायचो. "कंजूष तर कंजूष," त्या म्हणायच्या, "माणूस काय ताग्याने येतो का?"

ताग्याचं बोलणं त्यांच्या घरातलं. त्यांचा मोठा भाऊ शिंपी, गिऱ्हाइकांचे मास्तर. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा आत्या नऊ वर्षांच्या होत्या आणि दादा एकोणीस. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. बहीण कापायच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची आणि वर दादाची कात्री चालायची. कापड एकदाच पसरायचं, कोटाचे सगळे भाग एकदम आखायचे, बाह्या उद्या बघू म्हणणाऱ्या शिंप्याकडे बाह्यांना कापड उरत नाही, हे तिने पाढ्यांच्या आधी पाठ केलं. प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम करायला दादानेच पाठवलं. आत्यांनी लग्न केलं नाही. कुणी भोचकपणे विचारलंच तर "राहून गेलं" म्हणतात, जसं काही दळण आणायचं राहून गेलं.

गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी मास्तरांचं पोट दुखायला लागलं. वजन उतरलं, डोळे पिवळे झाले, आणि स्कॅनमध्ये स्वादुपिंडात गाठ निघाली. पसरलेली नव्हती, पण एका मोठ्या रक्तवाहिनीला अशी लपेटून बसली होती की शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी हात जोडले. सुई घालून तुकडा काढला, तेव्हा रक्तस्राव झाला. मास्तर चार दिवस वॉर्डात पडून होते आणि पाचव्या दिवशी घरी जाताना बहिणीला म्हणाले, "आता काय वाट्टेल ते करा, पण ती सुई पुन्हा नको."

सुईने आणलेले दोन दोरे आमच्याकडे आले. नातेवाइकाचा नमुना हाताळायचा नाही, हा आमचा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. त्यामुळे ब्लॉक गेला दुसऱ्या टेक्निशियनकडे. तो ताडमाड उंच म्हणून लंबू. आत्यांनी नियम पाळला. फक्त माझ्या खोलीत आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, या ब्लॉकचं तेवढं सगळं एकदाच सांगा हं."

"अहो आत्या, आधी बघू तर द्या," मी म्हणालो.

आता जे सांगतोय ते सांगताना माझी मलाच लाज वाटते, म्हणून पटकन सांगून टाकतो. पहिल्यांदा ब्लॉक चढला तो नेहमीच्या रंगाच्या काचेसाठी. कर्करोग आहे हे तिथेच कळलं. दुसऱ्यांदा चढला तो गाठ नक्की कुठून उगवली हे पक्कं करायला. तेही गरजेचं होतं, पण पहिल्या वेळीच सांगता आलं असतं. आणि तिसऱ्यांदा ब्लॉक मी चढवायला लावला तो माझ्या भाषणासाठी. पुढच्या महिन्यात परिषद होती. गाठीभोवतीच्या पेशींची रचना फार देखणी दिसत होती, आणखी दोन रंग केले असते तर पडद्यावर चित्र झकास आलं असतं. लंबू एकदा म्हणाला, "सर, थोडंच उरलंय." मी म्हणालो, "एकच फेरी." चित्र झकास आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यांच्या भावाची गाठ मी दोनशे लोकांना दाखवून आलो आणि आत्यांना त्यातलं काही सांगितलं नाही.

मास्तरांना सात महिने केमोथेरपी दिली. सुरुवातीला गाठ थोडी आक्रसली, मग पुन्हा वाढली. त्यांच्या डॉक्टरांनी आत्यांना बसवून समजावलं की आता आमच्याकडे फारसं काही उरलं नाही. आत्यांनी ऐकून घेतलं, वहिनींना घरी पोहोचवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. अठ्ठावीस वर्षांत त्या माझ्या खोलीत पहिल्यांदाच बसल्या होत्या.

"इम्युनोथेरपीचं काय ते मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांशी बोलता तसं नको. मला कळेल असं."

मी सांगितलं. केमो म्हणजे बाहेरून विष घालून गाठ मारायची. इम्युनोथेरपीत गाठीला औषध मारत नाही, आपल्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी मारतात. गाठ मोठी लबाड असते, ती त्या पेशींचा ब्रेक दाबून धरते. औषध तो ब्रेक सोडवतं. काही कर्करोगांत यामुळे अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला लागली आहेत.

"मग दादाला का नाही देत?"

"कारण आधी त्या पेशी गाठीपर्यंत पोहोचायला हव्यात. स्वादुपिंडाची गाठ स्वतःभोवती चिवट तंतूंचं कुंपण घालून बसते. काही लोकांत पेशी कुंपण ओलांडून आत गेलेल्या असतात. काहींत कुंपणाबाहेर नुसती गर्दी करून उभ्या असतात. आणि काहींत तिकडे कुणी फिरकलेलंच नसतं. नुसता ब्रेक सोडून उपयोग काय, गाडीच फाटकाबाहेर असेल तर?"

आत्या म्हणाल्या, "म्हणजे गाठीकडे बघून भागत नाही. तिच्या आजूबाजूला कोण आहे ते बघावं लागतं."

तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना हेच एका तासात सांगत आलोय आणि निम्म्यांना कळत नाही. मी म्हणालो, अगदी बरोबर. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तीन तासांच्या अंतरावर मोठं कर्करोग रुग्णालय आहे, तिथे एक अभ्यास चालू होता. ज्यांच्या पेशी कुंपणाबाहेर थांबल्या आहेत अशाच लोकांसाठी. एक औषध कुंपण सैल करायला, दुसरं ब्रेक सोडवायला. गुण येईलच असं कुणी म्हणत नव्हतं, पण दार उघडं होतं. नोंदणी तीन आठवड्यांत बंद होणार होती. दारातून आत जायला रोग्याच्या गाठीच्या आठ कोऱ्या, म्हणजे न रंगवलेल्या, काचा हव्या होत्या, आणि त्यांत गाठही हवी आणि तिचा काठही.

"ब्लॉक काढा, सर," आत्या म्हणाल्या. "आठ काचा काढायच्यात."

ब्लॉक कपाटातून काढून मी खिडकीच्या उजेडात धरला. मेणात दोन करड्या रेघा असायला हव्या होत्या. एक होती, अर्धी. आत्यांनी तो माझ्या हातातून घेतला, तिरका करून पाहिला आणि मागची चिठ्ठी वाचली. कोणत्या तारखेला ब्लॉक चढला, कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी, सगळं लंबूने इमानदारीने लिहिलं होतं. तीन ओळी होत्या. तिसरीपुढे "भाषण" असं स्वच्छ अक्षरात होतं.

त्या ओरडतील, रडतील, ब्लॉक माझ्या डोक्यात घालतील, असं काहीही होऊ शकलं असतं आणि मी ते मुकाट्याने घेतलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हा मी कापणार. नियमाचं काय करायचं ते तुम्ही बघा."

मी नियमाचं बघितलं. अधीक्षकांकडे गेलो, त्याच पंखेवाल्यांकडे. हा एवढा एक ब्लॉक आत्या कापतील, मी आणि लंबू शेजारी उभे राहू, दोघांच्या सह्या होतील. साहेबांनी विचारलं, "दुसरं कुणी का नाही?" मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाला तो कापता येणार नाही म्हणून." त्यांनी सही केली.

सकाळी साडेनऊला आत्या यंत्रासमोर बसल्या. नवं पातं लावलं. ब्लॉक बर्फावर ठेवून गार केला, म्हणजे मेण कडक होतं. मग तो यंत्रात पकडला आणि पुढचा सव्वा तास त्यांनी चाक फिरवलंच नाही. ब्लॉकच्या तोंडावर पडलेला दिव्याचा उजेड बघत होत्या. उजेडाची पट्टी एका कडेला जाड दिसली तर तिथे ब्लॉक उंच. स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. पुन्हा बर्फ. पुन्हा उजेड. लंबूला शिंक आली तसा तो हाताने नाक दाबून बाहेर पळाला. माझे पाय दुखायला लागले, पण बसायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्यांनी चाक फिरवलं. पहिला पापुद्रा अर्धाच निघाला, दुसरा पाऊण, तिसऱ्यापासून पूर्ण. अवघे दोनच फुकट गेले होते. मी आजवर असं काही पाहिलेलं नाही. फीत निघाली, आत्यांनी ती पाण्यावर सोडली, एकेक काच घालून उचलली. एक. दोन. तीन. चार. पाच. सहाव्या काचेवर करडी रेघ तुटक झाली. सातवीवर नुसतं मेण होतं.

आत्यांनी आणखी एकदा चाक फिरवलं, मग आणखी एकदा. मेणच निघालं. त्यांनी चाकाला कुलूप लावलं आणि पातं काढून डबीत ठेवलं. "संपला," त्या म्हणाल्या.

पाच काचा आणि एक अर्धवट. रंगवली की काच कोरी राहत नाही, म्हणून मी सूक्ष्मदर्शकाचा खालचा उजेड मंद करून कोरीच काच पाहिली. नीट दिसत नाही, पण आहे-नाही एवढं कळतं. गाठ होती. काठ जेमतेम होता. त्या मोठ्या रुग्णालयाला मी फोन लावला. पाचात करा हो, म्हटलं. तिकडची डॉक्टर सज्जन होती, पण तिचंही बरोबर होतं. चाचण्या ठरलेल्या आहेत, आठ म्हणजे आठ, आणि काठ जेमतेम असून चालणार नाही. नवा तुकडा मिळत असेल तर पाठवा, सतरा दिवस आहेत. फोन ठेवून मी आत्यांना सांगितलं. नवा तुकडा म्हणजे नवी सुई.

त्या दिवशी त्या अर्धी रजा टाकून निघाल्या. दुकानात काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्या म्हणाल्या, "दादा तयार आहे." मी विचारलं, "कसं काय पटवलंत?" तर म्हणाल्या, "पटवलं नाही. सांगितलं." आणि ॲप्रन चढवून कामाला लागल्या.

पण एवढ्यावर त्या थांबणार नव्हत्या. सुई घालताना आपण खोलीत असणार, असं त्यांनी जाहीर केलं. सुई घालणारे डॉक्टर म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रस्थ, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी कापणारी."

"इथे तुमचं काय काम?"

"तुम्ही काढाल ते कामाचं आहे का, ते मी बघेन. तुम्ही दोन दोरे द्याल, त्यातला एक नुसता चिकट निघाला तर मी काय कापू? मागच्या वेळी कुणी बघितलं नव्हतं." मग जरा मऊ आवाजात, "डॉक्टर, तिसऱ्यांदा तो येणार नाही. मी त्याला सांगणारही नाही. आजचंच काय ते आहे."

मास्तरांनीही भुलीचं औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, "धोका वाटला तर थांबा. पण नसेल, तर ही म्हणेल तेवढं घ्या. हिला मापाचं कळतं."

मी दाराच्या काचेतून बघत होतो. पहिला दोरा बाहेर आला, आत्यांनी तो सपाट बशीत घेऊन दिव्याखाली धरला आणि मान हलवली. लाल, बुळबुळीत. दुसरा पांढुरका होता, चांगला. "अजून एक," त्या म्हणाल्या. "काठावरचा." डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, रक्तवाहिनीपासूनचं अंतर मोजलं, सुईचा कोन बदलला. तिसरा दोरा निम्मा पांढरा, निम्मा पिवळसर आला. आत्या म्हणाल्या, "बास. आता काढा सुई." त्या मोठ्या प्रस्थाने खरोखर लगेच सुई काढली. थोडं रक्त गेलं. मास्तरांना दोन दिवस ठेवलं आणि घरी पाठवलं.

या वेळी ब्लॉक एकदाच चढला. बावीस काचा निघाल्या. आठ त्या रुग्णालयाच्या, एक माझ्या रंगासाठी, बाकीच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. तिकडची तपासणी व्हायची होती, पण आत्यांना दम निघत नव्हता, आणि मलाही नाही. माझी काच रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. त्या माझ्यामागे उभ्या होत्या.

गाठीच्या पेशी दिसल्या. त्यांच्याभोवती तंतूंचा गुलाबी पट्टा, जाड. आत काही नव्हतं. मी काच सरकवत काठापर्यंत नेली. पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला गर्द निळे ठिपके होते, ओळीने, एकमेकांना खेटून, जिकडे बघावं तिकडे.

"आहेत का?" आत्यांनी विचारलं.

"आहेत. बाहेर."

"खूप?"

"खूप आहेत हो, आत्या."

त्या स्टुलावर बसल्या. ॲप्रनच्या टोकाने चष्मा पुसत राहिल्या, तो स्वच्छच होता. मग उठून म्हणाल्या, "बाहेर अकरा ब्लॉक पडलेत माझे," आणि गेल्या. नऊ दिवसांनी मोठ्या रुग्णालयाचं उत्तर आलं. मास्तरांना अभ्यासात घेतलं होतं.

औषधं सुरू झाली आणि सुरुवातीलाच पाणी पाजलं. दर तीन आठवड्यांनी तीन तास जायचं, तीन तास यायचं. अंगभर खाज सुटली, ताप यायचा, जुलाबांनी माणूस अर्धा झाला. जागी झालेली फौज आधी घरातच दंगा करते, हे या उपचाराचं दुखणं. आत्या प्रत्येक फेरीला बरोबर जायच्या आणि दुसऱ्या दिवशी यंत्रावर हजर. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ किंचित मोठी दिसली. वहिनींनी हाय खाल्ली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी आत पेशी शिरल्या तरी गाठ फुगलेली दिसते, कधी खरंच वाढलेली असते, आत्ता सांगता येत नाही. मी आत्यांना विचारलं, काय करणार? "पुढचा स्कॅन कधी ते त्यांनी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तोवर जे करायचं ते करणार." दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ एक तृतीयांशाने आक्रसली होती. तिसऱ्यात तेवढीच राहिली. चौथ्यातही. बरं झालं, हा शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही, आणि आमच्या धंद्यात तो घाईने उच्चारू नये. पण मास्तरांनी दुकान उघडलं.

या सगळ्यात आत्यांनी आणखी एक काम उरकून घेतलं. एके दिवशी माझ्या टेबलावर स्वतःच्या हाताने आखलेला एक कागद ठेवला. सुईने काढलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी डॉक्टरने लागणाऱ्या सगळ्या चाचण्या आधी एकदम लिहायच्या, ब्लॉक एकदाच चढेल, आणि रोग्यासाठी दहा कोऱ्या काचा राखून ठेवायच्या. कुणाच्याही भाषणाला, लेखाला त्यातली मिळणार नाही. खाली सहीची जागा होती. माझ्या सहकाऱ्यांनी कुरकुर केली. दहा काचा कशाला, जागा कुठे आहे, ही बाई आता आम्हाला शिकवणार का. मी पहिली सही केली आणि म्हणालो, हो, शिकवणार. फ्रिजचा वरचा कप्पा आता आत्यांच्या डब्यांनी भरलेला असतो. कंजूष म्हणणारा कुणी उरला नाही. म्हणजे मनात म्हणत असतील.

माझ्या मनातला काटा मात्र तसाच होता. आत्या त्या तिसऱ्या ओळीबद्दल कधीही बोलल्या नाहीत. माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत होत्या, पूर्वीसारख्याच खेकसत होत्या. ते मला जास्त लागायचं. शेवटी एका शनिवारी दुपारी मी माझा जुना कोट उचलला आणि मास्तरांच्या दुकानात गेलो. कोट कमरेत घट्ट होत होता हे खरं, पण ते निमित्त. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय आहे.

मास्तर काटक दिसत होते. मनगटं बारीक, डोळे स्वच्छ. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, कोट घालायला लावला, शिवण उसवली आणि तोंडात टाचण्या धरून माप घ्यायला लागले. "हात वर," म्हणाले. मी हात पसरले. आणि तसाच उभा राहून, आरशात त्यांच्याकडे न बघता, बोलून टाकलं.

"मास्तर, तुमच्या पहिल्या तुकड्यातून शेवटच्या ज्या काचा काढल्या, त्या तुमच्या आजारासाठी नव्हत्या. माझ्या भाषणासाठी होत्या. त्या काढल्या नसत्या तर आठ काचा तेव्हाच निघाल्या असत्या. दुसरी सुई तुम्हाला माझ्यामुळे टोचून घ्यावी लागली."

मास्तरांनी टाचणी लावली. "माहितेय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"सुईच्या आधीपासून. ती दुकानात आली, म्हणाली, दादा, माझ्याच्यानं पाचच निघाल्या. मी विचारलं, एवढं कापड गेलं कुठं? तिला खोटं बोलता येत नाही."

माझे पसरलेले हात दुखत होते, पण खाली घ्यायचं सुचलं नाही. "मग तुम्ही मला काही बोलला कसं नाहीत?"

"बोलणारच होतो. वहाण घालून निघालोच होतो रुग्णालयात, तासून काढायला तुम्हाला. हिने हात धरून बसवलं. म्हणाली, दादा, नवी काच बघायला तेच बसणार आहेत. तुला कळलंय हे त्यांना समजलं, तर ते काचेत तुझं तोंड बघतील. मग आत काय आहे ते त्यांना दिसणार नाही. बरा होऊन बस, मग हवं ते बोल." मास्तरांनी तोंडातल्या उरलेल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "आता बोलू का?"

मी मान हलवली.

आणि मास्तर बोलले. आधी भाषणावर बोलले, मग टाळ्यांवर. लंबूने सांगूनही न ऐकणाऱ्यावर बोलले. चार दिवस वॉर्डात छताकडे बघत पडलेल्या माणसाला सुई म्हणजे काय वाटतं, त्यावर बोलले. त्यांच्या बहिणीने सव्वा तास नुसता उजेड बघितला त्यावर बोलताना आवाज चढला, शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. गेल्या वर्षी याच खोलीत त्यांना तीन शब्दांनंतर थांबून टेबलाला हात टेकावा लागायचा. मी टाचण्यांच्या कोटात हात पसरून उभा होतो आणि ऐकत होतो. पाव तास ते मला बोलत होते, आणि एकदाही थांबले नाहीत.